दिल्ली ते टोकियो : अंतर, वेळ आणि एका मुलीचा प्रश्न



भूगोल आणि गणित हे दोन विषय आपण वेगवेगळ्या तासिकांना शिकवतो. पण मुलांच्या मनात उठणारे प्रश्न तासिकांच्या सीमा पाळत नाहीत. असाच एक प्रश्न काही महिन्यांपूर्वी माझ्यासमोर आला. त्याचे मी जे उत्तर दिले ते चूक होते. त्या चुकीतून मला जे शिकावे लागले, ते सर्व शिक्षकांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने हा लेख लिहीत आहे.

शाळाभेटीच्या निमित्ताने मी एका लहान गावातील शाळेत गेलो होतो. इयत्ता पाचवीच्या वर्गात पृथ्वीगोल मांडलेला होता व गुरुजी मुलांकडून देशांची नावे शोधून घेत होते. 'कुणाला काही विचारायचे आहे का?' असे मी सहज म्हणालो, तेव्हा एका मुलीने वहीत उतरवून आणलेल्या चार वेळा वाचून दाखविल्या. तिचा मामा नोकरीनिमित्त जपानमध्ये असतो. तो दिल्लीहून रात्री ८ वाजता निघाला व दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता टोकियोला उतरला. सुट्टीत परत येताना मात्र तो टोकियोहून सकाळी ११ वाजता निघाला आणि त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजता दिल्लीस पोहोचला. मुलीने बोटांवर हिशेब केला होता. ती म्हणाली, "साहेब, जाताना अकरा तास आणि येताना सहाच तास. परतीला उतार आहे का?"

वर्ग हसला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मीही अधिकाराच्या आसनावर बसलेला. 'विचार करून सांगतो' असे म्हणण्याचा मोठेपणा त्या क्षणी सुचला नाही. मी म्हणालो, "परतीच्या वाटेवर वारा पाठीशी असतो, म्हणून विमान लवकर येते." मुलगी खाली बसली. तिने ते उत्तर वहीत लिहून घेतले.

त्या रात्री मी नकाशासंग्रह उघडून बसलो आणि ध्यानात आले की माझे उत्तर अपुरे तर होतेच, पण ते सत्याच्या अगदी उलट होते. हे कसे, ते क्रमाने पाहू.

१. अंतर कसे मोजावे

प्रथम अंतराचा विचार करू. दिल्ली सुमारे २८.६ अंश उत्तर अक्षांशावर व ७७.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. टोकियो सुमारे ३५.७ अंश उत्तर अक्षांशावर व १३९.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून या दोन शहरांना जोडणारी रेषा काढली, की मुलांना वाटते हाच जवळचा मार्ग. पण पृथ्वी सपाट नाही. गोलाच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या व गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा होय. या वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात.

ही व्याख्या पाचवीच्या मुलांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या हाती एक दोरा द्यावा. पृथ्वीगोलावर दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे टोकियोवर धरून दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. तो हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून, उत्तर चीनमधून, पिवळ्या समुद्रावरून व कोरियातील सोल शहराच्या किंचित दक्षिणेकडून जपानला पोहोचतो. सपाट नकाशावरील सरळ रेषा मात्र वाटेच्या मध्यभागी याच्या सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर दक्षिणेकडून जाते. दोन्ही वाटांच्या लांबीत या ठिकाणी शंभरएक किलोमीटरचाच फरक पडतो, हेही मुलांस सांगावे. कारण जे आहे त्याहून मोठे करून सांगण्याची सवय शिक्षकास नसावी.

आता दोरा पट्टीवर मोजावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा विषुववृत्तावरील घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. दिल्ली ते टोकियो दोरा सुमारे १३.७ सेंटिमीटर भरेल. त्रैराशिकाने

१३.७ × ४०,००० ÷ ९४ = सुमारे ५,८३० किलोमीटर.

अक्षांश-रेखांशांवरून गणिताने काढलेले अंतर सुमारे ५,८४० किलोमीटर येते. एका दोऱ्याने व एका पट्टीने आपली मुले इतक्या जवळ पोहोचू शकतात! शाळेतील गोल लहान असेल तर त्याचा घेर मुलांकडूनच दोऱ्याने मोजून घ्यावा व त्याप्रमाणे गणित मांडावे.

ज्या शाळेत पृथ्वीगोल नसेल तेथे पाण्याचा गोल माठ उपयोगी पडतो. माठाचे तोंड म्हणजे उत्तर ध्रुव समजावे. माठाच्या पोटाच्या वरच्या अंगास, तोंडापासून सारख्याच अंतरावर, खडूने दूरदूर दोन खुणा कराव्यात व त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणावा. दोरा आडवा न राहता तोंडाच्या दिशेने वर सरकतो, हे मुलांच्या डोळ्यांस दिसते.

२. विमान सर्वांत जवळच्या वाटेने का जात नाही

एवढे झाल्यावर एखादा चौकस मुलगा विचारील, 'मग विमान दोऱ्याच्याच वाटेने जाते का?' याचे उत्तर, 'बहुधा नाही' असे आहे. त्याचे कारण तिबेटचे पठार.

प्रवासी विमाने साधारणपणे १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. हिमालयाची शिखरे त्याहून खाली राहतात; तेव्हा उंचीची अडचण नेहमीच्या उड्डाणास नाही. अडचण संकटकाळची आहे. इतक्या उंचीवर हवा फार विरळ असते, म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिम रीतीने राखावा लागतो. तो दाब काही बिघाडामुळे नाहीसा झाला, तर प्रवाशांना प्राणवायूचे मुखवटे मिळतात, पण तो प्राणवायू थोडीच मिनिटे पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकास विमान सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरांहून अधिक आहे. तेथे खाली उतरण्यास जागा कोठून मिळणार? सबब विमाने सामान्यतः हे पठार टाळतात. दिल्ली-टोकियो मार्गावर ती हिमालयाच्या दक्षिणेने पूर्वेकडे जाऊन, म्यानमार व दक्षिण चीन यांच्या बाजूने वळसा घेतात. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर ५,८४० किलोमीटरांहून काही शे किलोमीटरांनी वाढते. पुढील हिशेबासाठी आपण ते ६,३०० किलोमीटर धरू.

सर्वांत जवळची वाट नेहमीच सर्वांत सुरक्षित नसते, हे डोंगराळ भागातून चालत शाळेत येणाऱ्या मुलांना निराळे शिकवावे लागत नाही.

३. घड्याळाचा हिशेब

आता वेळेकडे वळू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश व एका अंशास ४ मिनिटे. पूर्वेकडील गावी सूर्य आधी उगवतो. प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले तर रेल्वे व तारायंत्र चालणार नाहीत, म्हणून प्रत्येक देशाने एखादे रेखावृत्त ठरवून त्यावरील वेळ सर्व देशासाठी प्रमाण मानली. (काही विस्तीर्ण देशांत अशा अनेक वेळा आहेत.) भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. जपानची प्रमाणवेळ १३५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ते आकाशी या शहरातून जाते. जपानने ही वेळ इ. स. १८८८ पासून व भारताने आपली प्रमाणवेळ इ. स. १९०६ पासून स्वीकारली. आपल्या मुंबईने मात्र आपली जुनी 'मुंबई वेळ', जी प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती, इ. स. १९५५ पर्यंत जतन केली होती. घरातील वृद्धांकडून मुलांनी तिच्याविषयी काही ऐकले आहे का, ते अवश्य विचारावे.

दोन्ही रेखावृत्तांतील अंतर

१३५ − ८२.५ = ५२.५ अंश.
५२.५ ÷ १५ = ३.५ तास.

म्हणजे जपानचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेतीन तास पुढे असते. आता त्या मुलीच्या चार वेळांकडे पुन्हा पाहू.

जाताना : दिल्लीहून रात्री ८. टोकियोस सकाळी ७. टोकियोचे सकाळचे ७ म्हणजे दिल्लीचे पहाटेचे ३.३०. रात्री ८ पासून पहाटे ३.३० पर्यंत साडेसात तास होतात.

येताना : टोकियोहून सकाळी ११. त्या वेळी दिल्लीत सकाळचे ७.३० झालेले असतात. दिल्लीस सायंकाळी ५. म्हणजे प्रवासास साडेनऊ तास लागले.

जी वाट घड्याळाप्रमाणे अकरा तासांची दिसत होती ती साडेसात तासांची निघाली, व जी सहा तासांची वाटत होती ती साडेनऊ तासांची ठरली. परतीची वाट आखूड नव्हे, तर दोन तासांनी लांब आहे! मी मुलीला नेमके याच्या विरुद्ध सांगितले होते.

येथे गणिताच्या शिक्षकाने आणखी एक गोष्ट दाखवावी. घड्याळावरील ११ व ६ यांची बेरीज १७; खऱ्या ७.५ व ९.५ यांचीही बेरीज १७. जाताना जे साडेतीन तास वाढलेले दिसतात तेच येताना कमी झालेले दिसतात, म्हणून जाण्यायेण्याच्या एकूण वेळेत प्रमाणवेळेचा फरक उरत नाही. उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्याची ही सोपी रीत होय.

४. वाऱ्याचा हिशेब

आता प्रश्न उरतो तो या दोन तासांचा. वाट तीच, विमान तसेच. मग येताना दोन तास अधिक का?

पुष्कळ मुले, आणि काही मोठी माणसेही, असे समजतात की विमान हवेत असताना खालून पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानास गाव आपणहून जवळ येते. ही समजूत चुकीची आहे. पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवा व हवेतील विमानही फिरत असते. धावत्या एस. टी. गाडीत बसून लिंबू सरळ वर उडवले तर ते आपल्याच हातात पडते, मागच्या बाकावरील माणसाच्या डोक्यावर पडत नाही. हा अनुभव मुलांना असतोच. त्याचा उपयोग करून घ्यावा.

खरे कारण उंचावरील वारा हे आहे. सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान असे अरुंद वायुप्रवाह असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडील तापलेली हवा उंचावरून ध्रुवांकडे जाऊ लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि अखेर पूर्वेकडे वाहू लागते. उष्ण व थंड प्रदेशांतील तापमानाचा फरक हिवाळ्यात मोठा असतो, म्हणून हे वारेही हिवाळ्यात अधिक जोरकस असतात. जपानवर तर हिवाळ्यात त्यांचा वेग अनेकदा ताशी २०० किलोमीटरांहून अधिक असतो.

या वाऱ्यांच्या शोधाची हकीकत शिक्षकांनी ऐकण्यासारखी आहे. वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ इ. स. १९२० नंतरच्या काही वर्षांत टोकियोजवळील तातेनो येथील वेधशाळेत फुगे आकाशात सोडून, दुर्बिणीच्या यंत्राने त्यांचा मागोवा घेत. उंचावर फुगे विलक्षण वेगाने पूर्वेकडे ओढले जातात, हे त्यांनी नोंदवून ठेवले. जगाला समजावे म्हणून त्यांनी आपला अहवाल इ. स. १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला. दुर्दैवाने ती भाषा वाचणारे फार थोडे होते व हे महत्त्वाचे निरीक्षण बाहेरच्या जगात बराच काळ दुर्लक्षित राहिले. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना या वाऱ्यांचा तडाखा बसला, तेव्हा सर्वांचे लक्ष तिकडे गेले. ज्ञान मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगणेही महत्त्वाचे, हा धडा आपणा शिक्षकांसाठीच आहे असे वाटते.

या वाऱ्यांचा आपल्या शेतीशीही संबंध आहे. हिवाळ्यात यांपैकी एक प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेने, उत्तर भारतावरून वाहतो. उन्हाळ्याच्या शेवटी तो हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि याच सुमारास उत्तर भारतात मोसमी पावसाच्या आगमनास अनुकूल स्थिती निर्माण होते.

आता गणित मांडू. हे गणित नदीतील नावेच्या गणितासारखेच आहे. विमानाचा शांत हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर, वाऱ्याचा वाटेवरील सरासरी वेग ताशी १०० किलोमीटर व अंतर ६,३०० किलोमीटर धरू.

जाताना वारा पाठीशी : ६,३०० ÷ ९०० = ७ तास.
येताना वारा समोरून : ६,३०० ÷ ७०० = ९ तास.

जमिनीवर धावण्यास, चढण्याउतरण्यास व विमानतळाभोवती वळसे घेण्यास प्रत्येक खेपेस अर्धा तास अधिक धरला, की साडेसात व साडेनऊ तास होतात. मुलीच्या मामाच्या प्रवासाचा हिशेब येथे जुळतो. ऋतूप्रमाणे, विमानाच्या जातीप्रमाणे व वाटेप्रमाणे हे आकडे कमीअधिक होतात, ही गोष्ट मात्र वर्गात स्पष्ट करावी.

वारा नसता तर? ६,३०० ÷ ८०० = ७ तास ५२ मिनिटे ३० सेकंद. दोन्ही खेपा मिळून १५ तास ४५ मिनिटे. वाऱ्यासह मात्र ७ + ९ = १६ तास. जाताना मिळालेला फायदा येताना फिटतो असे वाटते, पण तसे होत नाही. पंधरा मिनिटांचा तोटाच होतो. कारण विरुद्ध वाऱ्यात विमानास अधिक वेळ राहावे लागते. सातवीच्या विद्यार्थ्यांना हे स्वतः शोधून काढू द्यावे.

५. वर्गासाठी उदाहरणे

(अ) आपल्या शाळेत सकाळी १०.३० वाजता प्रार्थना होते. त्या वेळी टोकियोत किती वाजले असतील? (उत्तर : दुपारचे २.)

(आ) टोकियोत नववर्षाची मध्यरात्र होते, तेव्हा आपल्याकडे कोणती तारीख व किती वाजले असतात? (उत्तर : ३१ डिसेंबर, रात्री ८.३०.)

(इ) टोकियोहून सायंकाळी ६ वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी दिल्लीस पोहोचले. त्या वेळी दिल्लीत किती वाजले? (उत्तर : मध्यरात्रीचे १२.)

(ई) शांत पाण्यात ताशी ८ किलोमीटर वेगाने जाणारी नाव, ताशी २ किलोमीटर वेगाच्या प्रवाहात ३० किलोमीटर जाऊन परत येते. प्रवाह नसता तर लागणारा वेळ व प्रत्यक्ष लागलेला वेळ यांत फरक किती? (उत्तर : ७.५ तास व ८ तास. फरक अर्धा तास.)

६. उपसंहार

आठ दिवसांनी मी त्या शाळेत पुन्हा गेलो. भेटीच्या कार्यक्रमात ती शाळा नव्हती. पण वहीत लिहिलेले चुकीचे उत्तर मला स्वस्थ बसू देईना. वर्गासमोर उभा राहून म्हणालो, "मागच्या वेळी मी जे सांगितले ते चूक होते. बरोबर काय, ते आज आपण मिळून शोधू." क्षणभर वर्ग अगदी शांत झाला. नंतर दोरा आला, पट्टी आली, फळ्यावर दोन घड्याळे काढली गेली. साडेसात व साडेनऊ ही उत्तरे मुलांनीच काढली. त्या मुलीने जुने उत्तर एका रेघेने खोडले, खाली नवे लिहिले आणि म्हणाली, "साहेब, म्हणजे परतीला उतार नाही, चढ आहे."

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि तसे मी तिला सांगितले.

अधिकारी चुकला, असे मुलांस कळल्याने त्याचा मान कमी होईल, अशी भीती मलाही वाटत होती. तसे काही घडले नाही. त्या दिवशी वर्गात एकामागून एक सात-आठ प्रश्न आले. त्यांतील दोन मला आले नाहीत व ते मी वहीत लिहून घेतले. मुलांना प्रश्न विचारण्याचे धैर्य यावे असे आपण म्हणतो. त्यासाठी उत्तर न येण्याचे व चुकलेले उत्तर दुरुस्त करण्याचे धैर्य आधी आपल्याला यावे लागते. आपल्या केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत हा पाठ घेऊन पाहावा आणि मुलांनी विचारलेले प्रश्न, उत्तर आलेले व न आलेले, दोन्ही लिहून आणावेत, अशी सर्वांस विनंती आहे.